नोंद एकही हरवू नये
सुरतेच्या पुराचा धडा आणि मध्यवर्ती नोंद-संगणकाची व्यवस्था

तापी नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेच्या पश्चिमेस अरबी समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे ५१,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र एकट्या महाराष्ट्रात आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा या नद्या विदर्भ, खानदेश व नाशिक भागातील पाणी तापीस आणून देतात. पाऊस पडतो तो बव्हंशी महाराष्ट्रात आणि त्या पाण्याचा लोंढा अखेरीस अंगावर येतो तो गुजरातेतील सुरत शहराच्या. या शहरातील उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत कापड उद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यामुळे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील नदीकाठी वाचला जाणारा पाण्याच्या पातळीचा आकडा हा दोन्ही राज्यांतील जनतेच्या जिव्हाळ्याचा विषय ठरतो.

हा आकडा वाचला जाणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोहोचणे आणि पुढेही जपून राहणे महत्त्वाचे आहे. अनेक ठिकाणांहून येणाऱ्या नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी गोळा करावयाच्या आणि त्यांतील एकही हरवू द्यावयाची नाही, हा प्रश्न आज केवळ पूरनियंत्रणाचा राहिलेला नाही. शासकीय कार्यालये, बँका, रुग्णालये, वीज मंडळे, इतकेच नव्हे तर गावातील हवामान केंद्रे यांचा कारभारही अशाच नोंदींवर चालतो. या व्यवस्थेचे स्वरूप, तिच्यातील उणिवा आणि त्यांवरील उपाय यांची माहिती सर्वसामान्यांस असणे अगत्याचे आहे.

सुरतेचा अनुभव

सुरतेच्या वरच्या बाजूस सुमारे शंभर किलोमीटरांवर उकाई धरण आहे. ते १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याही वर, जळगाव जिल्ह्यात, ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे. १९६८ च्या ऑगस्ट महिन्यात, म्हणजे उकाई धरण पूर्ण होण्यापूर्वी, तापीने सुरतेत हाहाकार माजविला होता. धरण झाल्यावर ही भीती पुष्कळ अंशी कमी झाली असली तरी ती नाहीशी झाली नव्हती, हे २००६ मध्ये दिसून आले. त्या वर्षीच्या ७ व ८ ऑगस्टच्या सुमारास उकाईतून सोडाव्या लागलेल्या पाण्याचे प्रमाण सुमारे नऊ लाख घनफूट प्रतिसेकंद इतके झाले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. विद्युतपुरवठा व दूरध्वनी सेवा विस्कळीत झाली. लाखो नागरिकांना घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकून पडावे लागले.

या घटनेनंतर पूर्वसूचनेच्या व्यवस्थेकडे अधिक लक्ष देण्यात आले. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने आशियातील निवडक शहरांसाठी हाती घेण्यात आलेल्या हवामान-बदलविषयक कार्यक्रमात सुरतेचा समावेश झाला आणि वरच्या खोऱ्यातील पावसापासून शहरातील पाण्याच्या पातळीपर्यंतची माहिती एका साखळीत जोडण्याचे काम करण्यात आले. केंद्रीय जल आयोगाचा तापी विभाग सुरतेतच असून महाराष्ट्रातील गिधाडे, सारंगखेडा यांसारख्या ठिकाणी नदीची पातळी मोजली जाते.

पुराच्या वेळी सर्वांत अधिक नोंदी येतात आणि नेमक्या त्याच वेळी वीज, तारा, रस्ते आणि माणसे यांची सर्वांत अधिक ओढाताण होते. शांत दिवशी उत्तम चालणारी नोंद-व्यवस्था संकटाच्या दिवशी अपुरी पडली, तर तिचा उपयोग तो काय? म्हणून अशी व्यवस्था बांधताना वाईटात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

नोंद-संगणक म्हणजे काय?

प्रत्येक संगणक आपल्या कामाची रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणता संकेतशब्द चुकला, कोणती माहिती बदलली गेली, यंत्राचा कोणता भाग नादुरुस्त झाला, हे सर्व त्यात तारीख-वेळेसह उतरते. या रोजनिशीस ‘लॉग’ असे म्हणतात. हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी लाकडाचा ओंडका दोरीला बांधून पाण्यात सोडीत आणि आलेला आकडा वहीत लिहीत. त्या वहीस ‘लॉगबुक’ असे नाव पडले. सुरतेसारख्या जुन्या बंदरात अशा वह्या घेऊन शेकडो जहाजे येऊन गेली असतील.

रोजनिशी ज्या यंत्राची त्याच यंत्रावर राहिली तर दोन धोके संभवतात. एक म्हणजे ते यंत्र बुडाले, जळाले वा बिघडले तर काय घडले हे सांगणारा एकमेव साक्षीदारही त्याच्याबरोबर नाहीसा होतो. दुसरा असा की, संगणकात चोरवाटेने शिरलेला इसम बाहेर पडण्यापूर्वी आपल्या पाऊलखुणा, म्हणजेच नोंदी, पुसून टाकण्याचा प्रयत्न करतो. म्हणून प्रत्येक यंत्राने आपली नोंद होताक्षणीच तिची प्रत दुसऱ्या, सुरक्षित ठिकाणच्या यंत्राकडे पाठवावी, अशी रीत पडली आहे. हे दुसरे यंत्र म्हणजेच मध्यवर्ती नोंद-संगणक किंवा ‘लॉग सर्व्हर’ होय. पन्नास कार्यालयांच्या नोंदी तेथे एकत्र पाहता येत असल्याने एका ठिकाणच्या घटनेचा दुसऱ्या ठिकाणच्या घटनेशी असलेला संबंधही लक्षात येतो.

नदीच्या पातळीची नोंद आणि संगणकाची रोजनिशी या वस्तुतः दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या सहसा वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात. तथापि, दूरच्या ठिकाणी निर्माण झालेली नोंद मध्यवर्ती ठिकाणी सुखरूप कशी पोहोचवावी, हा प्रश्न दोहोंस समान आहे आणि त्याची उत्तरेही समान आहेत.

वखारीची जुनी वहिवाट

नोंदी दूर पाठविण्याचा हा प्रश्न सुरतेस नवा नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली. सुरत १६६४ व १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे मराठ्यांच्या इतिहासातही प्रसिद्ध झाली. पुढे १६८७ मध्ये कंपनीने आपले पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. वखारीतील अधिकारी रोजच्या कारभाराची दैनंदिनी ठेवीत आणि तिची नक्कल व पत्रे लंडनला पाठवीत. समुद्रप्रवास अनेक महिन्यांचा असे. वाटेत वादळे, चाचे व शत्रूची जहाजे यांचे भय असे. म्हणून एकाच पत्राच्या एकाहून अधिक प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांतून रवाना करण्याची प्रथा होती. मूळ नोंद वखारीतच राही. पाठविलेल्या पुडक्यासोबत आतील कागदांची यादीही जात असे.

या वहिवाटीचे फळ आज दिसते. सुरतेच्या वखारीचे दप्तर मुंबईत १८२१ मध्ये स्थापन झालेल्या व आता महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागात रूपांतरित झालेल्या दप्तरखान्यात आहे आणि लंडन येथेही त्या वखारीच्या कागदांचा संग्रह आहे. तीन शतकांहून अधिक काळ लोटला तरी नोंदी टिकल्या, याचे श्रेय ‘प्रत जवळ ठेवा, दोन वाटांनी पाठवा, यादी सोबत द्या’ या साध्या नियमांस द्यावे लागेल. आजच्या संगणकतज्ज्ञांचे नियम यापेक्षा फारसे वेगळे नाहीत.

नोंद वाटेत हरवते ती कशी?

संगणकांच्या नोंदी पाठविण्याच्या ज्या रीतीस ‘सिसलॉग’ म्हणतात, ती अमेरिकेत बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात टपालविषयक एका संगणक-प्रणालीच्या सोयीसाठी तयार केली. ती सुटसुटीत असल्यामुळे जगभर पसरली. तिच्यातील पाठवणीचे प्रकार टपालखात्याच्या उदाहरणाने चांगले समजतात.

पहिला प्रकार साध्या पोस्टकार्डासारखा आहे. कार्ड पेटीत टाकले की पाठविणाऱ्याची जबाबदारी संपली. ते पोहोचले की नाही, हे त्यास कळत नाही. संगणकाच्या परिभाषेत या वाहतुकीस ‘यूडीपी’ असे नाव असून सिसलॉगची मूळ रीत हीच होय. यात नोंद पाठविण्यास वेळ लागत नाही आणि पाठविणाऱ्या यंत्रावर भारही पडत नाही. परंतु मध्यवर्ती यंत्र दोन मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केले, तर त्या दोन मिनिटांतील सर्व नोंदी कायमच्या जातात. एकदम पुष्कळ नोंदी आल्या आणि घेणाऱ्या यंत्राची तात्पुरती साठवण भरून गेली, तर वरच्या नोंदी सांडून जातात. या दोन्ही प्रसंगी नोंद गेल्याचे पाठविणाऱ्यास कळत नाही. शिवाय जुन्या रीतीत एका नोंदीची कमाल लांबी १,०२४ बाइट इतकीच धरलेली असल्याने लांब नोंदीची शेपटी तुटण्याचाही संभव असतो.

दुसरा प्रकार नोंदणीकृत टपालासारखा आहे. यास ‘टीसीपी’ म्हणतात. यात घेणारे यंत्र प्रत्येक तुकडा मिळाल्याचे कळविते आणि न मिळालेला तुकडा पुन्हा पाठविला जातो. अनेक कार्यालयांत एवढी व्यवस्था केली म्हणजे काम झाले, अशी समजूत असते. परंतु येथे एक बारकावा आहे. टपाल कार्यालयाच्या दारात शिपायाने घेतले आणि सही केली, म्हणून ते आवक नोंदवहीत चढले असे होत नाही. शिपायाच्या हातून ते टेबलापर्यंत जाण्यापूर्वीच कार्यालयास आग लागली, तर पाठविणाऱ्याजवळ पोच असते आणि पत्र मात्र कोठेच नसते. त्याचप्रमाणे घेणाऱ्या यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत आलेली पण तबकडीवर अद्याप न लिहिलेली नोंद, ते यंत्र अकस्मात बंद पडल्यास नष्ट होते. पाठविणारे यंत्र मात्र ती पोहोचली असे समजून पुढे जाते.

तिसरा प्रकार या उणिवेवर उपाय म्हणून निघाला. यात मध्यवर्ती यंत्रावरील नोंद घेणारी प्रणाली स्वतः पोच देते. म्हणजे शिपायाच्या सहीवर न थांबता आवक क्रमांक मिळेपर्यंत वाट पाहावयाची. ‘आरसिसलॉग’ या प्रचलित प्रणालीतील ‘रेल्प’ ही पद्धत या जातीची आहे. या पद्धतीतही घेणाऱ्या प्रणालीने नोंद तबकडीवर लिहिण्याची तजवीज केलेली असावी लागते, अन्यथा आवक क्रमांक देऊनही वही कोरीच राहावयाची! महत्त्वाच्या नोंदींसाठी हाच प्रकार योजणे इष्ट होय.

पोच मिळेपर्यंत प्रत जवळ

मार्ग कितीही चांगला असला तरी तो कधी ना कधी बंद पडणारच, हे गृहीत धरून चालले पाहिजे. मार्ग बंद असताना नोंदी कोठे राहणार? याचे उत्तर म्हणजे पाठविणाऱ्या ठिकाणची रांग. मध्यवर्ती यंत्राकडून पोच मिळेपर्यंत प्रत्येक नोंद या रांगेत थांबते आणि मार्ग खुला होताच क्रमाने पुढे जाते.

ही रांग केवळ तात्पुरत्या स्मृतीत ठेवली तर वीज जाताच ती पुसली जाते. म्हणून ती तबकडीवर उतरेल अशी तरतूद करणे आवश्यक आहे. रांगेस लागणारी जागा सहसा वाटते तितकी मोठी नसते. उदाहरणार्थ, एखादे हवामान केंद्र दर दहा मिनिटांस एक नोंद पाठवीत असेल तर दिवसाच्या १४४ आणि तीन दिवसांच्या ४३२ नोंदी होतात. प्रत्येक नोंद २०० बाइटची धरली तरी हे सर्व मिळून ८६,४०० बाइट होतात. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रासही सामान्यतः यापेक्षा अधिक जागा लागते. तीन दिवस संपर्क तुटला म्हणून पावसाची नोंद गेली, ही सबब आजच्या काळात समर्थनीय ठरू नये.

मोठ्या कार्यालयांत मात्र रांग भरून जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी काय टाकून द्यावयाचे, हे आधीच ठरविलेले असावे. सिसलॉगमध्ये नोंदींच्या महत्त्वाच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी आणि सात म्हणजे केवळ तपासणीपुरता किरकोळ तपशील. जागा कमी पडू लागताच खालच्या पायरीच्या नोंदी प्रथम गाळाव्यात आणि वरच्या राखाव्यात, असा नियम घालता येतो. आणखी एक निर्णय जाणतेपणाने घ्यावा लागतो. रांग पूर्ण भरली असता मूळ काम थांबवावयाचे की नोंदीविना पुढे चालवावयाचे? पैशाच्या व्यवहारात नोंदीविना काम होऊ देणे योग्य नाही. रुग्णालयात किंवा धरणाच्या दरवाजावर मात्र नोंदीसाठी काम अडून राहणे धोक्याचे ठरेल. हा निर्णय यंत्रावर न सोडता खात्याने स्वतः घ्यावा, हे उत्तम.

काही संगणक-प्रणाली थोड्या वेळात अतोनात नोंदी आल्या तर ठरावीक संख्येनंतरच्या नोंदी आपणहून वगळतात. एखाद्या बिघडलेल्या यंत्राने सर्व जागा व्यापू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु खऱ्या संकटातही नोंदींचा असाच पूर येतो. म्हणून ही मर्यादा किती ठेवली आहे, हे प्रत्येक कार्यालयाने पाहून घ्यावे.

केंद्राची सिद्धता

मध्यवर्ती यंत्रावर नोंदी हरवण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदीच साधे असते, ते म्हणजे तबकडी भरणे. जागेचा अंदाज आधी काढता येतो. समजा, ५० यंत्रे आहेत आणि प्रत्येक यंत्र सेकंदास सरासरी २० नोंदी पाठविते. एक नोंद ३०० बाइटची धरली तर सेकंदास तीन लाख बाइट आणि दिवसास सुमारे २६ गिगाबाइट होतात. १८० दिवसांचा साठा करावयाचा तर सुमारे ४.७ टेराबाइट जागा लागेल. जुन्या नोंदी आवळून ठेवल्यास ही जागा पुष्कळ कमी होते. तथापि संकटाच्या दिवशी नोंदी अनेक पटींनी वाढतात, हे लक्षात घेऊन हात राखूनच जागा योजावी. नोंदींचा कप्पा स्वतंत्र असावा, म्हणजे इतर फाइलींमुळे तो भरत नाही आणि तो भरला तरी यंत्राचे अन्य काम थांबत नाही. कप्पा सत्तर-ऐंशी टक्के भरताच इशारा मिळेल अशी योजना असावी.

केंद्र एकच असू नये. किमान दोन यंत्रे असावीत आणि एक बंद पडताच नोंदी दुसऱ्याकडे वळाव्यात. ही दोन्ही यंत्रे एकाच इमारतीत, एकाच वीजजोडणीवर ठेवली तर दोन असून नसल्यासारखीच होत. केंद्रीय जल आयोगाच्या दूरमापन केंद्रांकडील माहिती उपग्रहामार्फत घेण्यासाठी राजस्थानात जयपूर व ओडिशात बुर्ला अशा परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी भूकेंद्रे उभारण्यात आली, हे या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखे आहे. सुरतेसारख्या पूरप्रवण शहरात यंत्रे तळघरात किंवा तळमजल्यावर ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. विद्युतजनित्र व त्याचे इंधन यांनाही हाच नियम लागू आहे.

रोजची जुनी फाइल बंद करून नवी उघडण्याच्या वेळीही नोंदी गळण्याचा संभव असतो. पाठविणारी प्रणाली जुनी फाइल शेवटपर्यंत वाचून संपविण्यापूर्वीच ती हलविली वा पुसली गेली, तर शेवटच्या काही ओळी राहून जातात. रात्री बाराच्या सुमाराच्या नोंदी वारंवार अपुऱ्या आढळल्यास प्रथम या बाजूचा शोध घ्यावा.

घड्याळ आणि अनुक्रमांक

नोंद पोहोचली, परंतु तिच्यावरील वेळ चुकीची असली, तर ती असून नसल्यासारखी होते. एका यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे मागे आणि दुसऱ्याचे पाच मिनिटे पुढे असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, याचा उलगडा होत नाही. काही यंत्रे भारतीय प्रमाणवेळ लावतात, तर काही त्याहून साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ लावतात. म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे एकाच विश्वसनीय ठिकाणाशी जुळवून ठेवावीत आणि नोंदीत वेळेबरोबर ती कोणत्या प्रमाणवेळेची आहे, हेही नमूद असावे.

अनुक्रमांकाचे महत्त्व तर प्रत्येक लिपिकास ठाऊक आहे. जावक नोंदवहीत ४१ नंतर ४३ आला तर ४२ चा शोध सुरू होतो. प्रत्येक यंत्राने आपल्या नोंदींस चढता क्रमांक दिल्यास मध्यवर्ती यंत्रास गहाळ नोंद तत्काळ ओळखता येते. संपर्क तुटून पुन्हा जुळल्यावर एखादी नोंद दोनदा येण्याचाही संभव असतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दोनदा आलेली नोंद अनुक्रमांकावरून वगळता येते, पण न आलेली नोंद निर्माण करता येत नाही. म्हणून ‘दोनदा आली तरी चालेल, न येता कामा नये’ हेच धोरण योग्य होय.

मौन म्हणजे क्षेम नव्हे

मध्यवर्ती कक्षात एखाद्या ठिकाणाहून काहीच नोंद येत नसेल, तर तेथे सर्व ठीक असल्याचा समज होण्याचा फार संभव असतो. नदीकाठच्या केंद्राकडून चार तास आकडा आला नाही, याचा अर्थ पाणी स्थिर आहे असा होत नाही. केंद्रच पाण्यात गेले असेल, असाही होऊ शकतो. यावर उपाय असा की, विशेष काही घडले नसले तरी प्रत्येक ठिकाणाने ठरावीक वेळाने ‘येथे सर्व ठीक’ एवढी नोंद पाठवावी आणि ती न आल्यास मध्यवर्ती कक्षात घंटा वाजावी. आलेल्या आकड्यांवर लक्ष ठेवणारे पुष्कळ असतात, न आलेल्या आकड्यांचीही कोणावर तरी जबाबदारी असली पाहिजे.

शासनाचे निर्देश

नोंदी जपणे ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. संगणक सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ख अन्वये २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार शासकीय व खाजगी संस्थांनी आपल्या संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवणे, यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविणे आणि निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारचा सुरक्षाभंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक करण्यात आले. सहा तासांत काय घडले हे सांगावयाचे तर नोंदी हाताशी असाव्याच लागतात.

शेतकऱ्याच्या बांधापर्यंत

हा विषय शहरापुरता किंवा मोठ्या कार्यालयापुरता आहे, असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांच्या त्यांतील नोंदी पीकविम्यासारख्या कामी येतात. एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी समजण्यात येते आणि नुकसानभरपाईचा विचार त्या आधारे होतो. आता समजा, एखाद्या मंडळात प्रत्यक्षात ७२ मिलिमीटर पाऊस झाला, परंतु विजांच्या कडकडाटात तासभर संपर्क तुटून त्या तासातील १२ मिलिमीटरांची नोंद हरवली. कागदावर ६० मिलिमीटर उरतात. शेतातील पीक तर वाहून गेलेले असते, आणि दप्तरी मात्र अतिवृष्टी झालेलीच नसते. नोंद हरवणे याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरी काय होतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यावर एक सोपा तोडगा आहे. केंद्राने केवळ ‘या दहा मिनिटांत इतका पाऊस’ असे न कळविता ‘सकाळपासून आतापर्यंत एकूण इतका’ हेही कळवावे. मधल्या काही नोंदी गळाल्या तरी पुढील एकूण आकडा ती तूट भरून काढतो.

प्रत्येकाचे कर्तव्य

अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील नोंदी कोणत्या रीतीने पाठविल्या जातात, संपर्क तुटल्यास त्या किती काळ थांबू शकतात, आणि केंद्रातील जागा किती शिल्लक आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागवावीत. पावसाळ्यापूर्वी जशी धरणाच्या दरवाजांची चाचणी होते, तशी नोंद-व्यवस्थेचीही चाचणी घ्यावी. मध्यवर्ती यंत्र हेतुपुरस्सर तासभर बंद ठेवावे, पुन्हा सुरू करावे आणि प्रत्येक ठिकाणचे अनुक्रमांक मोजून पाहावेत. एकही क्रमांक न तुटल्यास व्यवस्था विश्वासार्ह आहे. ज्या व्यवस्थेची चाचणी झालेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

शिक्षकांना हा विषय वर्गात खेळाच्या रूपाने शिकविता येईल. दहा विद्यार्थ्यांनी क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या एका विद्यार्थ्याकडे पाठवाव्यात. मधील एकाने काही चिठ्ठ्या गुपचूप लपवाव्यात. प्रथम क्रमांकाविना आणि नंतर क्रमांकासह हा खेळ खेळल्यास हरवलेली चिठ्ठी केव्हा ओळखता येते, हे मुलांच्या सहज लक्षात येईल. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून रोज ठरावीक वेळी त्याची नोंद वहीत करण्याचा उपक्रमही उपयुक्त ठरेल.

ग्रामस्थांनी आपल्या परिसरातील हवामान केंद्र वा नदीपातळीचे मोजमाप करणारे साधन हे सार्वजनिक मालमत्ता म्हणून जपावे. त्याच्या आसपास जनावरे बांधणे, कपडे वाळत घालणे, तारांस वा सौर पट्ट्यांस हात लावणे टाळावे. केंद्र बंद दिसल्यास तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामपंचायतीस विनाविलंब कळवावे. पुराच्या किंवा अतिवृष्टीच्या दिवशी आपल्या वहीत तारीख, वेळ व पाण्याची खूण लिहून ठेवावी. यंत्राच्या नोंदीची जागा ही वही घेणार नाही, परंतु पडताळणीच्या वेळी तिचे साहाय्य झाल्यावाचून राहणार नाही.

खानदेशातील नदीकाठी वाचलेला एक आकडा सुरतेतील एखाद्या कुटुंबास वेळेवर घर सोडण्याची सूचना देतो आणि एका महसूल मंडळातील पावसाची नोंद शेतकऱ्यास त्याचा हक्क मिळवून देते. म्हणून पोच मिळेपर्यंत प्रत जपणे, दोन मार्ग ठेवणे, क्रमांक घालणे, घड्याळ जुळविणे आणि न आलेल्या नोंदीची चौकशी करणे, हे पाच नियम प्रत्येक कार्यालयाने आपल्या नित्याच्या कामाचा भाग करावेत. त्यांस फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती नेमाने ठेवलेली दक्षता, आणि ती पावसाळ्याची वाट न पाहता आजपासूनच सुरू करता येण्यासारखी आहे.